जीन चिझिकचं श्रेय: ऑबर्नच्या २०१० च्या विजेतेपदाचा हिशोब

ऑबर्न विद्यापीठाचा फुटबॉल कोच जीन चिझिक यानं २०१० च्या हंगामात १४ पैकी १४ सामने जिंकले आणि राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. दोन वर्षांनी त्याच्याच हाताखालची टीम १२ पैकी ९ सामने हरली आणि त्याची नोकरी गेली. तेव्हापासून अलाबामा राज्यात एक वाद चालू आहे, तो अजून मिटलेला नाही. २०१० चं यश चिझिकचं होतं का?

आमच्या बाजूला, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या समर्थकांमध्ये, या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. कॅम न्यूटन नावाचा अफाट खेळाडू एका हंगामापुरता आला, त्यानं एकट्याच्या जोरावर टीम ओढून नेली, आणि करंडक उचलताना चिझिक शेजारी उभा होता, एवढंच. मी टस्कलूसाला, म्हणजे अलाबामा विद्यापीठातच शिकले, आता हंट्सव्हिलला राहते, आणि शनिवारी किरमिजी रंगाशिवाय दुसरा रंग अंगावर घालत नाही. तरी मला हे उत्तर पटत नाही. चिझिकला त्या विजेतेपदाचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र ते ज्या कारणांसाठी द्यायचं, ती ऑबर्नवाले सांगतात त्यापेक्षा वेगळी आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडंसं. अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाचे अकरा खेळाडू वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. प्रत्येक चालीनंतर खेळ थांबतो आणि पुढची चाल मैदानाबाहेरून ठरते. क्रिकेटमध्ये मैदानात कप्तानाचं चालतं, इथं सगळी सूत्रं कोचच्या हातात असतात. हेड कोचच्या हाताखाली आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक असे दोन प्रमुख असतात आणि चाली बहुधा तेच पुकारतात. कॉलेजच्या पातळीवर कोचच्या गळ्यात भरतीचंही काम पडतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जायचं, आईवडिलांशी बोलायचं, आणि मुलाला आपल्या विद्यापीठात यायला राजी करायचं. त्या काळच्या नियमानं एका टीमला ८५ शिष्यवृत्त्या देता येत. मुलं चार-पाच वर्षांत निघून जातात, त्यामुळे हे काम कधी संपत नाही. म्हणून कोचचं श्रेय मोजताना मी चार गोष्टी वेगवेगळ्या बघते: मुलं कोणी आणली, मदतनीस कोणी निवडले, हंगाम चालू असताना टीम कोणी सांभाळली, आणि मिळालेलं पुढं टिकलं का.

अलाबामा आणि ऑबर्न यांच्या सामन्याला आयर्न बोल म्हणतात, बर्मिंगहॅमच्या लोखंड-पोलादाच्या धंद्यावरून. पहिला सामना १८९३ मध्ये बर्मिंगहॅमलाच झाला. पुढे १९०७ नंतर दोन्ही विद्यापीठांचं इतकं फाटलं, की १९४८ पर्यंत ती एकमेकांशी खेळलीच नाहीत. २०१० च्या सामन्यानंतर तर आमच्याच बाजूच्या एका माणसानं ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरच्या जुन्या ओक वृक्षांना तणनाशक घातलं. ऑबर्नचे लोक जिंकल्यावर त्याच झाडांपाशी जमत. झाडं वाचली नाहीत, २०१३ मध्ये ती काढावी लागली. ही घटना मला आजही लाजिरवाणी वाटते. ज्या राज्यात वैर या थराला जातं, तिथं समोरच्या कोचचं मूल्यमापन शांतपणे होत नाही. त्याची प्रत्येक जीत नशिबाच्या नावावर आणि प्रत्येक हार त्याच्या लायकीच्या नावावर जमा होते.

नेमणूक

२००८ च्या शेवटी ऑबर्नचा जुना कोच टॉमी ट्युबरव्हिल पायउतार झाला. हाच ट्युबरव्हिल पुढे अलाबामाचा सिनेटर म्हणून वॉशिंग्टनला गेला. त्यानं २००२ ते २००७ असे सलग सहा आयर्न बोल जिंकले होते, पण २००८ मध्ये टीम ५–७ (पाच विजय, सात पराभव) वर घसरली आणि आमच्याकडून ३६–० अशी हरली. त्याच हंगामात त्यानं आक्रमणाची पद्धत बदलून पाहिली होती, ती जमली नाही आणि नवा आक्रमण प्रमुख अर्ध्या हंगामातच घरी गेला. ऑबर्ननं ट्युबरव्हिलच्या जागी चिझिकला आणलं, तेव्हा ऑबर्नचेच लोक भडकले. कारण आयोवा स्टेटला हेड कोच म्हणून चिझिकचे दोन हंगाम ३–९ आणि २–१० असे गेले होते. एकूण ५–१९, शेवटचे दहा सामने ओळीनं हरलेले. क्रीडा संचालक जे जेकब्स विमानतळावर उतरला, तेव्हा एक समर्थक त्याच्यावर ओरडत होता, त्याची चित्रफीत देशभर फिरली.

टीका एवढ्यावर थांबली नाही. बफेलोचा कृष्णवर्णीय कोच टर्नर गिल यानं त्याच वर्षी आपल्या टीमला मिड-अमेरिकन कॉन्फरन्सचं (कॉन्फरन्स म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्याला डावलून चिझिकला का घेतलं, असा प्रश्न ऑबर्नचाच माजी बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली यानं उघडपणे केला आणि यात वर्णाचा भाग आहे असं तो म्हणाला. कॉलेज फुटबॉलमधल्या नेमणुकांचा इतिहास पाहिला तर तो प्रश्न रास्तच होता. पुढे गिलला कॅन्सस विद्यापीठानं घेतलं. तिथं त्याचे दोन हंगाम ३–९ आणि २–१० असे गेले. ५–१९. आयोवा स्टेटवरच्या चिझिकशी आकडा न् आकडा जुळणारा निकाल. गिलला त्यानंतर तेवढ्या मोठ्या विद्यापीठात संधी मिळाली नाही, चिझिकला मात्र ५–१९ नंतरच मिळाली होती. मी हे चिझिकच्या विरोधात मांडत नाही. दुबळ्या टीमवरचे दोन हंगाम कोचबद्दल किती थोडं सांगतात, हे या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की कळतं.

५–१९ च्या गदारोळात त्याच्या आधीची वर्षं झाकली गेली. २००४ मध्ये तो ऑबर्नचाच बचाव प्रमुख होता, ती टीम १३–० राहिली आणि देशातल्या सर्वोत्तम सहायक कोचला मिळणारा ब्रॉइल्स पुरस्कार त्याला मिळाला. २००५ मध्ये तो टेक्ससच्या बचावाच्या दोन प्रमुखांपैकी एक होता. ती टीमही १३–० राहून राष्ट्रीय विजेती झाली. मोठ्या विद्यापीठात लागोपाठ दोन हंगाम न हरलेला बचाव त्यानं उभा केला होता. जेकब्सनं त्यावर डाव लावला.

वारसा काय मिळाला

२०१० च्या ऑबर्नकडे नीट पाहिलं तर त्या टीममधले बरेच जण ट्युबरव्हिलनं आणलेले दिसतात. क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या मुख्य खेळाडूला, जागा करून देणारी आक्रमणाची रांग पाच जणांची असते. त्यातले ली झिम्बा, रायन प्यू, माइक बेरी आणि बायरन आयसम हे चौघं शेवटच्या वर्षाचे होते. न्यूटनला धावायला जी वाट मिळाली, ती या चौघांनी करून दिली. गोलच्या खांबांमधून पायानं चेंडू मारणारा (यालाच फील्ड गोल म्हणतात) वेस बायरमही जुन्या भरतीतला. इथं पेरणी एकाची आणि कापणी दुसऱ्याची हे मान्य केलंच पाहिजे, आणि आमच्याकडचे लोक ते मोठ्यानं सांगतात.

पण नवा कोच आला की जुनी मुलं आपोआप त्याची होत नाहीत. काही निघून जातात, काही मनानं बाहेर पडतात. यातलं कोडी बर्न्सचं उदाहरण मला सगळ्यात जास्त बोलकं वाटतं. तो ट्युबरव्हिलच्या भरतीतला क्वार्टरबॅक. २००९ मध्ये चिझिकनं ती जागा ख्रिस टॉडला दिली. वीस-एकवीस वर्षांच्या मुलासाठी याहून मोठा अपमान नसतो. बर्न्सनं सगळ्या टीमसमोर उभं राहून सांगितलं, की मी या निर्णयामागे आहे, तुम्हीही उभे राहा. तो झेल घेणाऱ्यांमध्ये गेला आणि पडेल ते काम करत राहिला. २०१० च्या अंतिम सामन्यात ऑबर्नचा पहिला टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं), ३५ यार्डांचा, न्यूटनच्या फेकीवर याच बर्न्सनं केला. हे धैर्य बर्न्सचं स्वतःचं, त्यात वाद नाही. पण ज्या टीममध्ये जागा गमावलेला मुलगा असं वागतो, त्या टीमचं वातावरण कोचनंच तयार केलेलं असतं.

मदतनीस निवडताना त्यानं केलेल्या दोन-तीन गोष्टी फार नेमक्या होत्या. टल्साहून त्यानं गस मालझानला आक्रमण प्रमुख म्हणून आणलं. मालझान काही वर्षांपूर्वीपर्यंत आर्कान्सामध्ये हायस्कूलची टीम चालवत होता. त्याची वेगवान, मैदानभर पसरून खेळायची पद्धत चिझिकच्या स्वभावात बसणारी नव्हती. चिझिक पक्का बचावाचा माणूस. तरी त्यानं आक्रमण पूर्णपणे मालझानच्या स्वाधीन केलं. बचावाच्या पुढच्या फळीसाठी त्यानं ट्रेसी रॉकर आणला, जो १९८८ मध्ये ऑबर्नकडून खेळताना फळीतल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा लोम्बार्डी पुरस्कार जिंकला होता. रॉकरनं निक फेअरलीला असं घडवलं, की २०१० चा लोम्बार्डी फेअरलीच्या नावावर गेला. आणि व्यायाम-ताकदीचा जुना कोच केव्हिन योक्सॉल, ट्युबरव्हिलच्या १९९९ च्या पहिल्या हंगामापासूनचा, याला चिझिकनं काढलं नाही. नवा माणूस आला की सगळं जुनं झाडून टाकायची या धंद्यात रीत आहे. त्यानं ती पाळली नाही, याचा फायदा सामन्यांच्या शेवटच्या, चौथ्या सत्रात दिसला.

चौदा सामने

त्या हंगामातले १४ पैकी सात सामने ऑबर्ननं आठ किंवा त्याहून कमी गुणांनी जिंकले. मिसिसिपी स्टेट १७–१४, क्लेमसन २७–२४, साउथ कॅरोलायना ३५–२७, केंटकी ३७–३४, एलएसयू (लुइझियाना स्टेट) २४–१७, अलाबामा २८–२७, ऑरेगॉन २२–१९. यात नशीब होतंच. क्लेमसनच्या खेळाडूनं जादा वेळेत बरोबरीचा फील्ड गोल मारला होता, पण चेंडू मागे देताना नियम मोडला म्हणून तो पुन्हा मारावा लागला आणि दुसऱ्यांदा चुकला. ही एक चूक झाली नसती तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

मात्र याच सामन्यांत आणखी एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते आणि तिला नशीब म्हणता येत नाही. क्लेमसनविरुद्ध ते ०–१७ मागे होते. साउथ कॅरोलायनाविरुद्ध ७–२०. जॉर्जियाविरुद्ध ७–२१, आणि तो सामना त्यांनी ४९–३१ असा जिंकला. केंटकीविरुद्ध बरोबरी असताना शेवटची सात मिनिटं चेंडू सोडलाच नाही, घड्याळ संपवत नेलं आणि बायरमनं शेवटच्या क्षणी विजयी गोल मारला. मागे पडल्यावर घाबरून आराखडा फेकून न देणारी टीम होती ती.

आता आयर्न बोल. २६ नोव्हेंबर २०१०, टस्कलूसा, आमचं मैदान. आम्ही आदल्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते, बाजूला आमचा तेव्हाचा कोच निक सेबन उभा. पहिल्याच सत्रात २१–०. मग मार्क इंग्रॅम, आदल्या वर्षी सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइझमन पुरस्कार जिंकलेला आमचा धावपटू, झेल घेऊन मैदानाच्या कडेनं मोकळा सुटला. हा टचडाउन झाला असता तर २८–० आणि सामना खलास. मागून ऑबर्नचा अँट्वान कार्टर धावत होता. बचावाच्या पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू, ज्याच्याकडून त्या क्षणी कोणी काहीच अपेक्षा ठेवली नव्हती. त्यानं गाठलं आणि इंग्रॅमच्या काखेतला चेंडू मागून उडवला. चेंडू कडेच्या पांढऱ्या रेषेला समांतर घरंगळत गेला, बाहेर गेलाच नाही, आणि थेट गोलरेषेमागच्या शेवटच्या पट्ट्यातून पार झाला. नियमानं चेंडू ऑबर्नचा. तो कसा घरंगळला हे नशीब. पण २१ गुणांनी मागे असताना आपलं काम नसलेल्या खेळाडूमागे एवढा माणूस मैदानभर धावला, ही शिस्त सरावात अंगात मुरलेली असते. पुढे २४–७ असताना मध्यंतराच्या तोंडावर आम्ही पुन्हा गोलजवळ होतो. फेअरलीनं आमच्या क्वार्टरबॅकला आडवा करून चेंडू पाडला आणि स्वतःच उचलला.

पहिल्या अर्ध्या भागात आम्ही २४ गुण केले, दुसऱ्यात ३. सेबनच्या टीमला मध्यंतरात उत्तर शोधून रोखणारे कोच मोजकेच झाले. चौथ्या सत्रात न्यूटनच्या फेकीवर फिलिप लुट्झनकर्कननं टचडाउन केला आणि २८–२७ झालं. तो दिवस मला अजून बोचतो, म्हणूनच तो मला नीट आठवतो. त्या दुसऱ्या अर्ध्यात ऑबर्नचा बचाव बदललेला होता, आणि बचाव हाच चिझिकचा प्रांत.

अंतिम सामना १० जानेवारी २०११ ला ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला झाला. समोर देशात सगळ्यात जास्त गुण करणारी ऑरेगॉनची टीम. सगळ्यांना वाटलं होतं दोन्ही बाजू चाळीस-चाळीस गुण करतील. ऑबर्ननं ऑरेगॉनला १९ वर रोखलं. त्यांचं धावण्याचं आक्रमण, ज्यावर त्यांचा सगळा खेळ उभा होता, ते संपूर्ण सामन्यात ७५ यार्डांवर अडवलं. एकदा त्यांच्या धावपटूला त्यांच्याच शेवटच्या पट्ट्यात पाडून दोन गुण घेतले, आणि तिसऱ्या सत्रात गोलरेषेच्या एक यार्ड अलीकडे चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नावर त्यांना भिंतीसारखं थोपवलं. बायरमनं १९ यार्डांवरून शेवटचा फील्ड गोल मारला. न्यूटन त्या रात्री त्याच्या नेहमीच्या मानानं साधाच खेळला होता. विजेतेपद ठरलं बचावावर.

न्यूटनचा वाटा

न्यूटननं त्या हंगामात २,८५४ यार्ड फेकून आणि १,४७३ यार्ड धावून मिळवले. ३० टचडाउन फेकीवर, २० धावून. हाइझमन त्यालाच मिळाला, आणि पुढच्या वसंतात एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. कॉलेज फुटबॉलमध्ये एका खेळाडूचा याहून मोठा हंगाम मला माहीत नाही. त्याच्याशिवाय ऑबर्न जिंकलं नसतं, हे मी विनातक्रार मान्य करते. ऑबर्नच्या बचावानं सामन्यामागे सरासरी २४ गुण दिले. इतके गुण देणाऱ्या टीमला रोज चाळीस करणारं आक्रमण लागतं, आणि ते ४१ करत होते.

पण तो ऑबर्नच्या दारात आपण होऊन येऊन पडला नव्हता. फ्लोरिडात तो टिम टिबोच्या मागे बसून होता, तिथून बाहेर पडून टेक्ससमधल्या ब्लिन या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, आणि २००९ मध्ये ब्लिनला ज्युनिअर कॉलेजांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. मिसिसिपी स्टेट त्याच्या मागे होतं आणि तिथला कोच डॅन मलन त्याला फ्लोरिडापासून ओळखत होता. तरी तो ऑबर्नला आला, कारण मालझानची पद्धत त्याच्यासारख्या फेकणाऱ्या आणि धावणाऱ्या क्वार्टरबॅकला अगदी साजेशी होती. मालझानला चिझिकनं आणलं होतं. साखळी सरळ आहे.

नोव्हेंबरात न्यूटनच्या वडिलांनी मिसिसिपी स्टेटकडे मुलाच्या प्रवेशासाठी पैसे मागितल्याचं प्रकरण बाहेर आलं. ऑबर्ननं न्यूटनला अपात्र ठरवलं आणि कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएनं दुसऱ्याच दिवशी पुन्हा पात्र केलं. त्यानं हंगामातला एकही सामना चुकवला नाही. पुढच्या वर्षी ऑबर्नवरची चौकशी मोठं उल्लंघन न सापडता बंद झाली. आमच्याकडचे कित्येक जण आजही यावर शंका घेतात. शंका म्हणजे पुरावा नव्हे, आणि माझ्या हिशोबात मी ती धरत नाही. धरते ती ही गोष्ट, की ते सगळं वादळ डोक्यावर असताना चिझिकची टीम जॉर्जिया, अलाबामा आणि कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत साउथ कॅरोलायना असे तीन सामने जिंकली, शेवटचा तर ५६–१७.

पडझड

इथून पुढचा भाग मात्र चिझिकच्या समर्थकांना आवडणार नाही. न्यूटन, फेअरली आणि रांगेतले ते चौघं गेल्यावर २०११ मध्ये टीम ८–५ राहिली. ते समजण्यासारखं होतं. रॉकर एनएफएलला गेला. हंगामानंतर मालझान आर्कान्सा स्टेटचा हेड कोच झाला आणि बचाव प्रमुख टेड रूफही गेला. आता चिझिकच्या हातात पहिल्यासारखीच निवड होती, आणि या वेळी त्यानं ती सपशेल चुकवली. आक्रमणासाठी स्कॉट लेफलरला आणलं, ज्याची पद्धत मालझानच्या उलट, एनएफएलच्या धाटणीची. मालझानसाठी वेचून आणलेल्या मुलांना तीन वर्षं शिकलेलं विसरायला सांगितलं गेलं. ट्युबरव्हिल २००८ मध्ये पद्धत बदलूनच बुडाला होता, आणि चिझिकनं उलट्या दिशेनं तेच केलं.

२०१२ मध्ये ऑबर्नचे सामन्यामागचे गुण १९ च्या आत आले. कॉन्फरन्समधले आठच्या आठ सामने हरले. टेक्सस ए अँड एमनं त्यांच्याच मैदानावर ६३–२१ धुतलं, जॉर्जियानं ३८–०, आणि आम्ही ४९–०. दुसऱ्या दिवशी चिझिकची हकालपट्टी झाली. आमच्या त्या विजयाचा मला आनंद झाला, पण त्या दिवशी समोर उभी असलेली मुलं हरल्यासारखी नव्हती, सोडून दिल्यासारखी होती. हंगामात टीम सांभाळणं ही ज्या माणसाची २०१० मधली सर्वांत मोठी ताकद, तीच इथं नाहीशी झाली. याचं पूर्ण उत्तरदायित्व त्याचं.

आणि मग २०१३. मालझान हेड कोच होऊन परतला. जॉर्जियातून बाहेर पडून ज्युनिअर कॉलेजात गेलेला निक मार्शल त्यानं क्वार्टरबॅक म्हणून आणला आणि जुनी पद्धत परत लावली. टीम १२–२, कॉन्फरन्सची विजेती, राष्ट्रीय अंतिम सामन्यात फ्लोरिडा स्टेटकडून ३१–३४ नं हरलेली. धावपटू ट्रे मेसन, रांगेतला ग्रेग रॉबिन्सन, बचावातला डी फोर्ड, आणि त्या आयर्न बोलमध्ये शेवटच्या सेकंदाला आमचा अपुरा पडलेला फील्ड गोल झेलून मैदानभर पळत टचडाउन करणारा ख्रिस डेव्हिस, ही सगळी चिझिकच्या भरतीची मुलं. ३–९ झालेल्या टीममध्ये गुणवत्तेची कमतरता नव्हती, हे त्यावरून सिद्ध झालं. याचा अर्थ दुहेरी आहे. चिझिकनं मुलं उत्तम आणली होती, आणि २०१२ मध्ये ती वाया घालवली होती.

मग सगळं श्रेय मालझानचंच का धरू नये? तो आठ वर्षं ऑबर्नचा हेड कोच राहिला, सेबनला तीनदा हरवलं, आणि २०१३ नंतर पुन्हा राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही. राष्ट्रीय विजेतेपद त्याला तिथं हेड कोच म्हणून एकदाही मिळालं नाही. २०१० मध्ये त्याच्या आक्रमणाच्या पाठीशी बचाव जाणणारा माणूस उभा होता. दोघांनाही ती उंची एकत्रच गाठता आली.

आमच्या कोचला हीच फुटपट्टी

ऑफिसमधला ऑबर्नचा एक सहकारी मला नेहमी टोकतो, की सेबनची भरती दरवर्षी देशात पहिली-दुसरी असायची, मग त्याच्या जागी कोणीही जिंकला असता. मला हे ऐकून राग येतो, आणि मग लक्षात येतं की आम्ही चिझिकबद्दल नेमकं हेच म्हणतो. सेबनला २००७ मध्ये आधीचा कोच माइक शुला याची मुलं मिळाली, पहिला हंगाम ७–६ गेला आणि लुइझियाना-मनरोसारख्या छोट्या टीमकडून घरच्या मैदानावर २१–१४ अशी हार पत्करावी लागली. २००९ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक ग्रेग मॅकेलरॉय शुलानं आणलेला होता. सेबनचं श्रेय निर्विवाद आहे ते चौथ्या गोष्टीमुळे, म्हणजे मिळालेलं टिकवल्यामुळे. मदतनीस वर्षानुवर्षं बदलत गेले, आक्रमणाची पद्धतही पुढे पूर्ण बदलली, तरी अलाबामात त्यानं सहा विजेतेपदं मिळवली. चिझिक नेमका तिथंच कोसळला.

त्याच्यासारखे आणखी दोघं आहेत. मायामीचा लॅरी कोकर २००१ मध्ये आधीचा कोच बुच डेव्हिसनं जमवलेल्या टीमवर १२–० राहिला आणि २००६ मध्ये घरी गेला. एलएसयूचा एड ओर्जेरॉन २०१९ मध्ये ओहायो स्टेटहून आलेल्या जो बरोला घेऊन १५–० राहिला, बरो आणि आक्रमणाचा तरुण मदतनीस जो ब्रेडी गेल्यावर पुढच्या वर्षी ५–५ वर आला. या तिघांत मी चिझिकला कोकरच्या वर आणि ओर्जेरॉनच्या खाली ठेवते. कोकरला बरीचशी टीम तयार मिळाली होती. ओर्जेरॉननं टीम बहुतांशी स्वतः जमवली आणि त्याचा विजय अधिक निर्विवाद होता. चिझिकनं अर्धी टीम वारशात घेतली, अर्धी स्वतः उभी केली, आणि दोन्हींना एकाच हंगामात एकत्र बांधलं.

२०१० च्या हंगामासाठी सर्वोत्तम कोचचा एक पुरस्कार चिझिकला मिळाला. तो पुरस्कार बेअर ब्रायंटच्या नावाचा आहे, आमच्या अलाबामाच्या सर्वांत मोठ्या कोचच्या नावाचा, म्हणून आमच्याकडच्या कित्येकांना तो बोचला. माझ्या मते तो योग्य माणसाला गेला. पुढे २०१५ मध्ये चिझिक नॉर्थ कॅरोलायनाचा बचाव प्रमुख झाला. आदल्या वर्षी सामन्यामागे ३९ गुण देणारा बचाव त्यानं एका हंगामात २४.५ वर आणला, आणि टीम ११–३ राहिली. ग्लेनडेलला ऑरेगॉनच्या आक्रमणाला अडवणारा हाच माणूस होता. टीमचा सगळा गाडा वर्षानुवर्षं हाकणं त्याला जमलं नाही, पण २०१० चे चौदाही सामने त्याच्या नावावर लिहायला माझी हरकत नाही, आमच्या मैदानावरचा तो एक धरून.